द्राक्षांच्या मुलखातलं चांदवड: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

नाशिकला नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिल्याच महिन्यात तीन ठिकाणं सांगितली जातात: पंचवटी, त्र्यंबकेश्वर आणि गंगापूर धरणाकडची वायनरी. तिन्ही बघावीत. पण माझ्याकडे पाहुणे आले की मी गाडी उलट्या दिशेला काढते, आग्रा रोडने चांदवडला. डोंगरावर खालूनच बघायचा किल्ला, पायथ्याला होळकरांचा तटबंदीतला रंगमहाल आणि तिथवर पोचेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागा. हे सगळं एका दिवसात बसवता येईल असं दुसरं गाव आपल्या जिल्ह्यात मला तरी माहीत नाही.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, बागाईतदाराचं घर. म्हणून द्राक्षाबद्दल जरा जास्त लिहिणार आहे. नवीन माणसाला किल्ल्याची माहिती कुठेही मिळते, बागेत कसं वागायचं ते कोणी सांगत नाही.

निघण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, म्हणजे पुढे जे दिसेल ते आपोआप जुळत जाईल. चांदवड हे वाटेवरचं गाव आहे. सातमाळ्याची डोंगररांग इथे आडवी पसरली आहे. तिच्या दक्षिणेला गोदावरीचं खोरं, उत्तरेला गिरणेचं खोरं आणि पुढे खानदेश. ही रांग ओलांडायच्या ज्या मोजक्या सोयीच्या वाटा आहेत, त्यातली एक चांदवडच्या उशाशी. बुऱ्हाणपूर-माळव्याकडे जाणारे व्यापारी, बैलांचे तांडे, फौजा, सगळे इथूनच जात. ज्याच्या हातात चांदवड, त्याच्या हातात घाट. किल्ला, वाडा, टांकसाळ, देवस्थान हे सगळं त्या वाटेच्या जिवावर उभं राहिलं. आजचा मुंबई-आग्रा महामार्गही त्याच वाटेने जातो, आणि आमच्या निर्यातीच्या द्राक्षाचे कंटेनर त्याच रस्त्याने न्हावाशेव्याला उतरतात.

महिना ठरवा

तारीख ठरवताना सुट्टी बघू नका, बाग बघा. थंड देशात वेल हिवाळ्यात झोपते, आपल्याकडे झोपत नाही. म्हणून इथला शेतकरी वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी. तिच्यात फक्त काडी तयार करून घ्यायची, फळ नाही. मग पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि तिथून साधारण चार-साडेचार महिन्यांनी माल हातात. याचा सरळ अर्थ असा, की घडांनी लगडलेली बाग बघायची असेल तर जानेवारी ते मार्चचा मध्य हाच काळ. वायनरीतला हंगामही तेव्हाच चालू असतो.

जानेवारीत जाणार असाल तर स्वेटर घ्या. निफाडचा पारा राज्यातल्या सगळ्यात खालच्या आकड्यांत असतो. चार-पाच अंशांवर आला की गावाची झोप उडते. माझ्या लहानपणी अशा पहाटे बाबा आम्हाला उठवायचे. बांधाबांधाने ओला पालापाचोळा टाकून शेकोट्या पेटवायच्या, धूर बागेवर बसू द्यायचा आणि ठिबक सोडायचं, म्हणजे मुळापाशी ऊब राहते. फुगत आलेला मणी थंडीने तडकला तर वर्षाची कमाई गेली. आजही कडाक्याच्या पहाटे त्या बाजूने गेलात तर बागांवर असा धूर तरंगताना दिसेल.

ऑगस्ट-सप्टेंबरात डोंगर हिरवेगार असतात आणि चांदवडचा घाट सुंदर दिसतो, पण बागेत नुसती पानं. नवरात्रात रेणुकामातेची मोठी यात्रा भरते. देवीसाठी जायचं तर तेव्हाच जा, वाडा निवांत बघायचा तर तेव्हा नको. एप्रिल-मे टाळाच. दगडी चौकात दुपारी उभं राहवत नाही आणि बागा छाटून बोडक्या झालेल्या असतात.

कसं जायचं

नाशिकहून चांदवड साधारण ६५ किलोमीटर. स्वतःची गाडी असेल तर सव्वा ते दीड तास. एसटीने जायचं तर ठक्कर बाजार बसस्थानकातून मालेगाव किंवा धुळ्याची गाडी धरा आणि चढतानाच वाहकाला विचारून घ्या, गाडी चांदवड स्थानकात जाते की बाहेर महामार्गावर सोडते. रेल्वेने येणाऱ्यांना मनमाड जवळ, तिथून पंचवीसेक किलोमीटर.

नवीन माणूस हमखास फसतो अशी एक जागा आहे. नकाशात ‘चांदोरी’ टाकू नका. चांदोरी हे निफाड रस्त्यावरचं वेगळं गाव. जुन्या कागदपत्रांत चांदवडला ‘चांदोर’ म्हणतात, त्यामुळे वाचून आलेले लोकच जास्त गोंधळतात.

सकाळी साडेसहा-सातला नाशिक सोडा. आडगाव, ओझर मागे पडलं की शहर संपतं. ओझरला विमानांचा कारखाना आणि आता विमानतळही. तिथून पुढे पिंपळगाव बसवंतपर्यंत डावीउजवीकडे बघत चला. लोखंडी अँगल आणि तारांवर चढवलेल्या वेली दिसतील. सगळा मांडव सपाट असेल तर ती जुनी पद्धत, आणि इंग्रजी वाय अक्षरासारखे हात फाकलेले खांब असतील तर ती अलीकडची. डिसेंबर-जानेवारीत काही बागांत घडांना चक्क वर्तमानपत्राचे कागद गुंडाळलेले दिसतील. ऊन आणि थंडीचा फरक फार झाला की हिरव्या मण्यावर गुलाबी झाक येते. खायला काही फरक पडत नाही, पण निर्यातीत तो माल नाकारतात. म्हणून एकेक घड झाकायचा. एकरात हजारो घड असतात आणि प्रत्येकाला बाईचा हात लागलेला असतो. आधी विरळणी करताना, म्हणजे घडातले जादा मणी काढताना, मग कागद बांधताना, मग कात्रीने काढताना.

पिंपळगाव ही मोठी बाजारपेठ. हंगामात द्राक्ष, पावसाळ्यात टोमॅटो, कांदा तर बारमाही. चहाला इथेच थांबा. पुढे वडनेर भैरवच्या बाजूला बागा पुन्हा दाट होतात आणि समोर डोंगर चढायला लागतात. माथ्यावर काळ्या कातळाची उभी भिंत असलेला डोंगर दिसला की चांदवड आलं समजा.

आधी रंगमहाल

गावात शिरल्यावर कोणालाही ‘होळकर वाडा’ किंवा ‘रंगमहाल’ विचारा. जुन्या पेठेतून रस्ता जातो आणि अरुंद आहे. मोठी गाडी बाहेरच लावून चालत जाणं शहाणपणाचं.

आत जाण्याआधी दरवाजासमोर थांबा. लोक फोटो काढून पटकन आत जातात, आणि इथली खरी गोष्ट दारातच असते. राहण्याचा वाडा म्हणायचं, तर एवढा उंच दगडी तट कशाला? बुरूज कशाला? भल्याथोरल्या फळ्यांच्या दाराला टोकदार खिळे कशाला? घाटाखालचं गाव म्हणजे माल, पैसा आणि फौज यांची सततची ये-जा. इथे राहणाऱ्या कारभाऱ्याला रात्री दार लावून झोपता आलं पाहिजे. म्हणून ही इमारत बाहेरून भुईकोट आहे आणि आतून महाल.

आत गेल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. मग खांब बघा. दिवाणखान्यातले लाकडी खांब, त्यांच्यामधल्या महिरपी, तुळयांखालचं नक्षीकाम. मी दर वेळी एकाच खांबापाशी थांबते. त्याच्या खालच्या अंगाला, माणसाचा हात सहज पोचेल एवढ्या उंचीपर्यंत, नक्षी गुळगुळीत झाली आहे. त्याच्या वर पाकळीची कड अजून धारदार आहे. एवढ्या वर्षांत किती जण त्याला टेकून बसले असतील! तुम्ही मात्र टेकू नका, आणि भिंतीवरच्या चित्रांना तर बोटही लावू नका. रंग आधीच उडाले आहेत, घामाचा हात लागला की आणखी जातात. वाड्याची बारवही बघा. मजल्यामजल्यांनी खाली उतरत जाणारी ती विहीर बघितली की कोटाच्या आत पाणी असणं म्हणजे काय ते कळतं. वेढा पडला तर दाणा महिनाभर पुरवता येतो, पाणी रोज लागतं.

वाडा १८ व्या शतकातला, होळकरांचा. मल्हारराव होळकर १७६६ मध्ये गेले आणि पुढे अहिल्यादेवींनी १७९५ पर्यंत राज्य सांभाळलं. चांदवड परिसरात लोक आजही प्रत्येक जुन्या दगडाला अहिल्याबाईंचं नाव देतात. प्रत्येक वेळी ते खरं असेलच असं नाही, पण त्या नावामागची कृतज्ञता खरी आहे. विहिरी, घाट, मंदिरं, वाटसरूंची सोय हे त्यांचं काम वाटेवर राहणाऱ्या माणसांनी रोज वापरलं.

वाडा पुरातत्त्व विभागाच्या देखरेखीखाली आहे आणि डागडुजी टप्प्याटप्प्याने चालू असते. त्यामुळे एखादा भाग बंद मिळू शकतो. गेल्या गेल्या पहारेकऱ्याला विचारा, ‘दादा, आज काय काय बघता येईल?’ माणूस बोलका निघाला तर तुमचा अर्धा तास सत्कारणी लागला. वाड्यासाठी एकूण दीड तास तरी ठेवा.

हातात एक रुपया धरून बघा

चांदवडचा इतिहास मला सांगायचा असतो तेव्हा मी नाण्यापासून सुरुवात करते. होळकरांची टांकसाळ इथे होती. इथे पाडलेल्या चांदीच्या रुपयावर फारसी लिपीत बादशहा शाह आलमचं नाव आहे आणि टांकसाळीचं नाव ‘जाफराबाद उर्फ चांदोर’. आता हे नीट वाचा. जाफराबाद हे मोगलांनी दिलेलं नाव. नाणं मराठ्यांचं. आणि ‘उर्फ’ लावून गावाचं जुनं नाव पुन्हा वर आणलेलं. एका बोटाएवढ्या चांदीवर दोन सत्ता आणि गावाचं जुनं नाव एकत्र नांदतात.

त्याच्याही मागे जायचं तर देवगिरीच्या यादवांचा मूळपुरुष दृढप्रहार याने ९ व्या शतकात चंद्रादित्यपूर वसवलं, आणि ते म्हणजे हेच चांदवड असं बरेच अभ्यासक मानतात. पुढे शहाजहानच्या काळात मोगलांनी सातमाळ्यातले किल्ले एकामागून एक घेतले. १८०४ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांशी चाललेल्या युद्धात इंग्रज कर्नल वॉलेसच्या फौजेने लासलगाव, चांदवड, धोडप घेतले. नंतरच्या तहाने चांदवड होळकरांना परत मिळालं, पण १८१८ च्या मंदसोरच्या तहाने ते कायमचं इंग्रजांकडे गेलं.

नाण्यांची गोडी लागली तर दुसऱ्या एखाद्या रविवारी त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला जा. तिथे नाणकशास्त्राच्या संशोधनासाठी वाहिलेली संस्था आहे आणि तिचं संग्रहालयही. मुलांना घेऊन जायला फार चांगली जागा.

रेणुकामाता, लेणी आणि किल्ला

वाड्यानंतर रेणुकामातेला या. महामार्गाला लागूनच, डोंगराच्या पोटात कातळात कोरलेलं स्थान आहे. नाशिक-धुळे प्रवास करणारे ट्रकवाले घाट चढण्याआधी इथे थांबून नारळ फोडतात. वाटेवरच्या देवीचं हे काम शेकडो वर्षं चालत आलं आहे. नवरात्रात देवीच्या अलंकारांची पालखी रंगमहालातून निघते, म्हणजे वाडा आणि देऊळ यांचं नातं अजून तुटलेलं नाही.

त्याच डोंगराच्या अंगाला जैन लेणं आहे, कातळात कोरलेल्या तीर्थंकरांच्या मूर्तींचं. चढ थोडाच आहे. आत बोलायचं झालं तर हळू, आणि चपला बाहेर. वर चंद्रेश्वर महादेवाचं देऊळ आहे. तिथून खालचं गाव, महामार्ग आणि घाटाचं तोंड एका नजरेत येतं. इथे दहा मिनिटं बसा. घाटाची मघाशी सांगितलेली गोष्ट इथून डोळ्यांना दिसते.

चांदवडचा किल्ला पहिल्या भेटीत करू नका, असं मी स्पष्ट सांगते. वाट अवघड आहे, माथ्याखाली उभा कातळ आहे. १८१८ नंतर या भागातल्या कितीतरी किल्ल्यांच्या पायऱ्या इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या, पुन्हा कोणी वर बसू नये म्हणून. सवयीचे गिर्यारोहक सोबत असतील तरच बघा. किल्ला चढायचीच हौस असेल तर जवळचे इंद्राई आणि राजदेर त्या मानाने बरे. दोन्हीकडे कातळात कोरलेल्या पायऱ्या आहेत. पण त्यासाठी वेगळा दिवस काढा, आणि दोन लिटर पाणी माणशी.

जेवण

महामार्गावरच्या ढाब्यांवर शेवभाजी मागवा. खानदेशची हद्द जवळ आल्याची ती खूण आहे. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर जाड तिखट शेव, सोबत भाकरी. रस्सा अंगावर येणारा असतो, तेव्हा ‘मध्यम तिखट’ आधीच सांगा. शेव आयत्या वेळी घालायला लावा, नाहीतर ताट समोर येईपर्यंत लगदा होतो.

बागेत शिरताना

दुपारनंतरचा वेळ बागेसाठी. ओळखीचा बागाईतदार असेल तर उत्तम. नसेल तर रस्त्याकडेला पेट्या मांडून बसलेल्या एखाद्या काकांकडून किलो-दोन किलो घ्या आणि मग विचारा, ‘काका, बाग बघू का?’ सहसा नाही म्हणत नाहीत. न विचारता कुंपण ओलांडू नका. काढणीच्या दिवसांत बागेत रोकड उभी असते असं आमच्याकडे म्हणतात. अनोळखी माणूस आत दिसला की रखवालदार धावून येणारच.

सगळ्यात महत्त्वाचं: वेलीवरचा घड तोडून तोंडात टाकू नका. माझा भाचा पुण्याहून आला होता, आठ वर्षांचा. मी गाडी लावत होते तेवढ्यात तो शेजारच्या बागेत शिरला. त्या बागेतल्या मावशी हातातलं टोपलं टाकून धावत आल्या, त्याच्या हातातून घड ओढून घेतला आणि आधी त्याचं तोंड धुतलं. ‘ताई, कालच फवारा झालाय.’ त्यांना घडाची फिकीर नव्हती, पोराची होती. द्राक्षावर भुरी आणि डाऊनी हे दोन रोग सतत डोळा ठेवून असतात, म्हणून औषध मारावं लागतं, आणि फवारणीनंतर काढणीपर्यंत ठरावीक दिवस जाऊ द्यावे लागतात. ते दिवस संपलेत की नाही हे फक्त मालकाला ठाऊक. विचारा, त्यांनी दिलेलं खा, धुऊन खा.

मालकाकडे गोडी मोजायचं छोटं यंत्र असेल तर बघायला मागा. मण्याचा एक थेंब काचेवर टाकायचा आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. खायच्या द्राक्षात १८ च्या आसपास आकडा आला की माल तयार समजतात. वाइनच्या द्राक्षाला तो २२-२४ पर्यंत चढू देतात, कारण साखरेचाच पुढे अल्कोहोल होतो.

दोन्ही द्राक्षं शेजारी ठेवून बघायला मिळाली तर संधी सोडू नका. खायच्या थॉमसन जातीचा मणी लांबट, पातळ सालीचा, बिनबियांचा. वाइनच्या शिराझ किंवा कॅबरनेचा मणी लहान, गोल, साल जाड, आत बिया. तो दाताखाली फोडा आणि साल चावत राहा. जीभ कोरडी पडेल, हिरड्या आखडतील. रेड वाइनचा रंग आणि तो तुरटपणा दोन्ही त्या सालीत असतात. गर जवळजवळ बिनरंगाचा. म्हणूनच रेड करताना रस सालीसकट आंबवतात आणि व्हाइट करताना आधी साल वेगळी काढतात. ही एक गोष्ट बागेत जिभेवर कळली, तर वायनरीतलं निम्मं भाषण आपोआप समजतं.

परत येताना वाट बदला

आल्या वाटेने परतू नका. चांदवडहून लासलगावकडे उतरा, तिथून विंचूर, मग निफाडमार्गे नाशिक. थोडं लांब पडतं, पण पुष्कळ बघायला मिळतं. लासलगावात कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असेल तर खिडक्या बंद करू नका, तो वास घ्याच. विंचूर हे विंचूरकरांचं गाव. विठ्ठल शिवदेव विंचूरकर पानिपतावर लढलेले सरदार, आणि त्यांच्या घराण्याचं हे ठाणं. त्याच विंचूरला आता एमआयडीसीचा वाइन पार्क आहे. राज्याने २००१ मध्ये द्राक्षावरच्या प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणलं, त्यातून तो उभा राहिला. पुढे निफाडजवळ कुंदेवाडीला रेव्हिलोची वायनरी आहे. तिथे आधी फोन करून जावं. दिवस हाताशी असेल आणि हिवाळा असेल तर नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघता येतील. २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून त्याची नोंद झाली.

वाइन चाखायची असेल तर

ती दुसऱ्या दिवशीवर ढकला. एकाच दिवसात चांदवड आणि गंगापूर धरणाची बाजू करू नका. एक शहराच्या ईशान्येला, दुसरी पश्चिमेला, मधे नाशिकची संध्याकाळची वाहतूक.

गंगापूरच्या बाजूला सुला, यॉर्क, सोमा या वायनरी जवळजवळ आहेत, दिंडोरीकडे शांडन. राजीव सामंत यांनी १९९० च्या दशकात या माळावर वाइनच्या वेली लावल्या, २००० मध्ये सुलाची पहिली वाइन बाजारात आली आणि २००५ मध्ये त्यांनी पाहुण्यांसाठी चाखणीची खोली उघडली. त्याआधी ‘वाइन बघायला नाशिकला चाललो’ असं कोणी म्हणत नव्हतं. शनिवार-रविवारी तिथे मुंबईची गर्दी असते. मंगळवार-बुधवारची दुपार घ्या. दाखवणाऱ्याला तुमच्या प्रश्नांना वेळ असतो. २१ वर्षांखालच्यांना चाखायला देत नाहीत, ओळखपत्र जवळ ठेवा. निवडणूक किंवा गांधी जयंतीसारखा कोरडा दिवस तर नाही ना, हेही बघून घ्या.

पहिल्यांदा चाखणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. क्रम हलक्याकडून जडाकडे: फसफसणारी, मग व्हाइट, रोझे, रेड आणि शेवटी गोड. ग्लास देठाशी धरा, म्हणजे हाताची ऊब वाइनला लागत नाही. गोल फिरवा, वास घ्या, मग छोटा घोट तोंडात सगळीकडे जाऊ द्या. पेरूचा वास आला, हिरव्या मिरचीचा आला, जे आठवलं ते म्हणा. आपल्या नाकाला आपल्या घरातलेच वास ओळखीचे असणार. नव्यांनी शेनिन ब्लां या व्हाइट वाइनपासून सुरुवात करावी, ती सौम्य असते. न आवडलेली वाइन ओतून टाकायला तिथे भांडं ठेवलेलं असतं, ते बिनदिक्कत वापरा. आणि गाडी चालवणाऱ्याने एक घोटही घ्यायचा नाही. हे घरून निघतानाच ठरवा. तिथे गेल्यावर ठरत नाही.

घरी काय न्यायचं

द्राक्षं घेताना मण्यापेक्षा देठ बघा. देठ हिरवा म्हणजे तोड ताजी. तपकिरी वाळका म्हणजे दोन-तीन दिवसांची. मण्यावरची पांढुरकी लव ही धूळ नाही, ती मण्याची स्वतःची आहे, आणि ती शाबूत असेल तर माल फार हाताळलेला नाही. हिरव्या द्राक्षावर किंचित पिवळी झाक असेल तर गोडी भरलेली असते. घरी आल्यावर लगेच धुऊ नका. कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा आणि खायच्या वेळी लागतील तेवढीच मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून धुवा.

वाइनची बाटली मात्र परतीच्या अगदी शेवटी घ्या. नाशिकच्या फेब्रुवारीतही दुपारी बंद गाडीची डिकी भट्टीसारखी तापते आणि तासाभरात वाइनची चव उतरते. घ्यावीच लागली तर ओल्या पंच्यात गुंडाळून सीटखाली सावलीत ठेवा, आणि घरी पोचल्यावर बुचाची असेल तर आडवी करा.